मोरीच्या खड्ड्यावर बसलेला घट

बसा वो, हितं लिंबाखाली बसा. उन्हाचं चालत आलाव, आदी दम खावा, मंग पुढं जावा. तवर तुमाला एक गोष्ट सांगतो. राजाची न्हाय आन् भुताची बी न्हाय, मोरीच्या पाण्याची हाय. हसू नका. मोरीच्या पाण्याची कसली आलीय गोष्ट, आसं तुमी म्हणताल. पर आमच्या चिलारवाडीत त्या पाण्यापायी सून माहेरावरनं यिना झाली, साहेबाच्या हातानं देव बसला, आन् धुरपदाबाईनं जे केलं त्ये करायला सगळ्या गावात दुसऱ्या कुणाचा हात उचलला न्हाय. ऐका तर खरं.

बेंबळीच्या रस्त्यावरनं आत वळलं की आमचं गाव. रझाकारी सरली, निजाम गेला, एक सरकार आलं, मंग दुसरं आलं, आन् त्येच्या मागनं ब्लॉक आला, गावं सुधारायची सरकारी कचेरी. तवाचं हे. गावात उतारगल्ली म्हणून एक गल्ली हाय. दोनी अंगाला घरं आन् मधनं वाट. वाट म्हणायची आपली, पर ती मोरीच व्हती. परत्येक घराची न्हाणी वाटंवर तोंड काढून बसलेली. भांड्याचं पाणी, आंघोळीचं पाणी, लेकरांच्या दुपट्याचं पाणी, समदं एकत्र व्हऊन काळंनिळं व्हायचं आन् वळवळत खाली जायाचं. खाली काय? खाली आड. आडाचा कट्टा एका अंगाला ढासळलेला. तितं त्या पाण्याचं डबकं साचायचं. डबकं कुटं जातंय म्हणून कुणी इचारत न्हवतं. ऊन पितंय त्येला, आसं बाया म्हणायच्या आन् त्येच डबकं वलांडून घागरी भरायच्या.

आदल्या साली आखाडात पटकी आली. धुरपदाबाईची नात शारदा, उत्तरेश्वराची पोरगी, नुकती बोबडं बोलाया लागल्याली. सकाळी हगवण लागली, दिवस मावळायच्या आत गेली. त्याच दिशी शेजारच्या गजराबाईचा बिरू बी पडला व्हता. मधी एक भिताड. ह्या अंगाला पोरगी गेली, त्या अंगाला पोरगं वाचलं.

तवापासनं धुरपदाबाईच्या आत कायतरी बंद पडलं. रडली न्हाय. बायांनी गळ्यात पडून रडून बगितलं, ती आपली लाकडावानी उभी. एकदा भाकरी टाकताना हात तव्याला टेकला तसाच ऱ्हायला. कातड्याचा वास आला तवा तिनं खाली बगितलं, मंग हात काढला, फुंकर बी मारली न्हाय. कुणी कायी इचारलं तर "व्हय" म्हणायची, न्हायतर कायीच म्हणायची न्हाय. काम मातर सगळं करायची. शेण काढायची, दळायची, रानात जायाची. बैल घाण्याला फिरतंय तशी.

आन् गजराबाई? तिची जीभ मातर दुप्पट चालू झाली व्हती.

"धुरपदाक्का, आवो तुमच्या मोरीला कायी लगाम हाय का न्हाय? माज्या उंबऱ्याला लागलंय पाणी!"

"व्हय."

"व्हय काय व्हय? सकाळपारी पाय ठेवला की पचाक! आमी माणसं हाव का म्हशी हाव?"

"व्हय."

"बगा बाई! हिच्यासंगं भांडायचं म्हणजी भिताडासंगं भांडायचं. भिताड तरी पोपडं टाकतंय!"

सत्यभामाला, म्हणजी धुरपदाबाईच्या सुनेला, तवा दिवस गेल्यालं. पोरगी गेल्यावर ती बी कमी बोलायची, पर तिचं गप ऱ्हाणं निराळं व्हतं. आडावर घागर घिऊन गेली की ती त्या डबक्याकडं बगत उभी ऱ्हायची. मागच्या बाया वरडायच्या, "आगं व्हय की फुडं!" बाळंतपणाला तेरला माहेरी निघाली तवा गाडीत बसल्यावर तिनं सासूला सांगितलं.

"आत्या, लेकरू झालं की म्या त्येला घिऊन येईन. पर ह्ये पाणी आडाला जातंय तवर येणार न्हाय. वेशीतनं बगीन आन् माघारी फिरीन."

उत्तरेश्वर म्हणला, "आगं, सगळ्या गल्लीचं पाणी. आपल्या एकट्याच्यानं काय व्हतंय?"

"त्ये मला ठाव न्हाय. एक दिलं म्या त्या आडाला. दुसरं देत न्हाय."

गाडी गेली. धुरपदाबाई दारात उभी व्हती. ऐकलं का न्हाय, त्ये तिच्या तोंडावरनं कळलं न्हाय.

मंग आला ग्रामसेवक. गोपाळकृष्ण नाव. तुळजापूरचा, भिक्षुकाच्या घरातला, मिसरूड फुटल्यालं पोरगं. सायकलवर यायाचा, धोतराला चिमटा लावून. त्येनं मारुतीच्या पारावर माणसं गोळा केली आन् काडीनं भुईवर चित्र काढलं.

"हा शोषखड्डा. पुरुषभर खोल खणायचा. काळी माती लागेल ती काढायची, मुरूम लागेपर्यंत जायचं. मग खाली मोठे दगड, त्यावर लहान, त्यावर खडी, वर वाळू. आणि सगळ्यात वर एक मडकं. बुडाला भोकं पाडलेलं, आत गवत भरलेलं. सगळ्या मोऱ्यांचं पाणी एका नालीनं त्या मडक्यात आणायचं. घाण गवतात अडकेल, पाणी मुरमात मुरेल."

सरपंच आण्णासाहेब तंबाकू मळत म्हणला, "म्हणजी पाणी पुरायचं म्हणा की."

"पुरायचं नाही, मुरवायचं."

"येकच की वो, गोपाळराव. मेल्यावर पुरत्यात आन् जितं आसताना मुरवत्यात, यवढाच फरक."

सगळी हसली. कुणीतरी म्हणलं, "आन् त्ये मुरल्यालं पाणी पुना आडातच गेलं तर?"

"म्हणून तर खड्डा आडापासून लांब घ्यायचा. चावडीमागं पडीक जागा आहे, तिथं."

सरपंचाचं ध्यान निराळीकडंच व्हतं. "ब्लॉकचं साहेब येत्याल का उद्घाटनाला?"

"येतील की. तालुक्यातला हा पहिलाच खड्डा आहे."

"मंग झालाच म्हणून समजा!"

शिमगा झाला आन् श्रमदान लागलं. माणसं खांदायची, बाया टोपल्यानं माती काढायच्या. वर काळी माती, उन्हानं भेगाळल्याली, टिकाव मारला की ढेकळं उडायची. मंग पांढरी लागली, मंग मुरूम. धुरपदाबाई रोज यायाची. ओढ्यातनं धोंडं डोक्यावर घिऊन यायाची, टाकायची, पुना जायाची. पाय आनवाणी, फुफाटा तापल्याला. गजराबाईनं एकदा चुंबळ फुडं केली, "घ्या की वो, टाळू फुटंल." धुरपदाबाईनं घेतली, हातातच धरली, आन् धोंडा तसाच डोक्यावर ठिवून चालली.

"हिला कळतंय का काय चाललंय त्ये?" गजराबाई हळूच बोलली.

कुंभारणीनं नवं मडकं दिलं. बुडाला भोकं पाडली, आत गवत भरलं, वाळूत मधोमध बसवलं, आन् कडंनं काळी माती दाबून बसवली. गल्लीतनं दगडी नाली काढून तिचं तोंड मडक्याशी आणलं. झालं. आता नुसतं पाणी सोडायचं ऱ्हायलं.

पर साहेब यायाचं व्हतं ना! साहेब येणार म्हणल्यावर मोकळं मडकं कसं ठिवायचं? सरपंच बायांना म्हणला, "आगं, जरा सजवा. नवी इहीर खांदली की पाण्याची पूजा करतासा का न्हाय? ह्ये बी पाण्याचंच काम हाय."

बायांना तेवढंच पायजे व्हतं. कडंनं सडा घातला, रांगोळी काढली. मडक्याला हळदीकुकू लावलं. नागिलीची पानं खवली, वर नारळ ठिवला. गजराबाईनं खण आणला आन् गव्हानं वटी भरली. मडक्याची वटी! आमच्याकडं इहिरीची भरत्यात, नदीची भरत्यात, मंग मडक्याची कामून न्हाय? वटीचं गहू मडक्यावरनं घरंगळून काळ्या मातीत पडलं. साहेबानं बूट काढून नमस्कार केला, नारळ फोडला, तांब्यातलं चांगलं पाणी मडक्यावर वतलं. फोटूवाल्यानं फोटू काढला. पुरणपोळी झाली. साहेब जाताना म्हणला, "नीट ठेवा. पुढच्या महिन्यात मोठे साहेब पाहायला येतील."

त्या दिवशी मोरीचं पाणी कुणी सोडलं न्हाय. आजच तर पूजा झाली, आज नको. दुसऱ्या दिवशी ही म्हणली ती सोडंल, ती म्हणली ही सोडंल. परत्येकीनं आपल्या मोरीफुडं चिखलाचा बांध घातला, मडक्याशी नालीच्या तोंडाला बी एक घातला, आन् पाणी आपलं जुन्या वाटंनं आडाकडं. मंग एक दिवस सकाळी गजराबाई वरडत गल्लीत आली.

"आगं बया बया! घट बसला गं, घट बसला!"

सगळी पळाली. मडक्याच्या कडंनं, काळ्या मातीतनं, गव्हाचं पोपटी कोंब वर आल्यालं. बोटबोट. नवरातीत देवीचा घट बसवल्यावर जसं येत्यात तसं, जराबी फरक न्हाय. काळी माती, मधी मडकं, वर पानं, कडंनं धान. सारखं.

गोपाळकृष्ण आला तवा बाया पदर डोक्यावर घिऊन हात जोडून उभ्या.

"अहो, ओटीचे गहू पडले. साहेबांनी वर पाणी ओतलं. ओल्या मातीत गहू उगवणार नाही तर काय होणार?"

गजराबाई कंबरंवर हात ठिवून म्हणली, "आवो दादा, गहू वल्या मातीत उगवतोय त्ये आमाला ठाव हाय. जलम गेला आमचा त्येच्यात. पर त्येला हितं उगवायला कुणी सांगितलं? आमी पेरलाय का? न्हाय ना? मंग? आमी बसवला न्हाय, त्यो आपल्या पायानं यिऊन बसलाय!"



त्येनं गुरवाला बोलावलं. गुंडाप्पा गुरव वाकून बगून म्हणला, "बसल्याला घट मदीच उठवता येत न्हाय. दसऱ्याला उठंल."

"दसऱ्याला? अहो, आता चैत्र आहे!"

"मंग म्या काय करू? चैतात बसायला म्या सांगितलं व्हतं का?"

सरपंच बी म्हणला, "ऱ्हाऊ द्या वो, गोपाळराव. मोठं साहेब यायाचं हायती. तवर घाण नको करायला. आता बगा कसं हिरवंगार दिसतंय."

गोपाळकृष्ण चिडला. म्हणला, मीच ओततो. गजराबाईच्याच मोरीतली बादली भरली त्येनं. खड्ड्याजवळ आला, आन् चपला काढल्या. चपला काढून कोण घाण वताय जातंय? त्येच्याबी ध्यानात आलं. बादली हातात धरून उभा ऱ्हायला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आमच्या घरी... आईला कळलं तर," म्हणला, आन् बादली खाली ठिवली. चपला घातल्या, सायकल घेतली आन् गेला. कुणी हसलं न्हाय. त्येच्या जागी आसतो तर आपुन बी तेच केलं आसतं, हे समद्यांना ठाव व्हतं.

गजराबाई रोज आडाचं पाणी आणून त्या गव्हाला घालायची. झेंडूची माळ सोडायची. आजूबाजूच्या बाया तेल घिऊन यायाच्या. तिला मान आला व्हता, पर मानासाठी ती करत न्हवती. तिचा बिरू वाचला व्हता ना. आदल्या साली तिनं देवीपुढं डोकं आपटून आपटून कपाळ फोडून घेतलं व्हतं. देवीनं आपलं ऐकलं आन् शेजारणीचं ऐकलं न्हाय, ह्येचा तिनं मनात आर्थ लावला व्हता. दिल्यालं देवी माघारी घिऊ शकती. म्हणून ती त्या मडक्याला पाठ न दावता मागं मागं सरत माघारी यायाची.

आन् धुरपदाबाई? ती बी रोज त्या खड्ड्यावरनं जायाची. बगायची बी न्हाय. तिला देवीचं भ्या न्हवतं आन् पाणी हलावं आसं बी वाटत न्हवतं. तिच्या मोरीचं पाणी सगळ्यांसंगं आडाकडंच जात व्हतं. सकाळी ती न्हाणीतनं बादली वतायची आन् पाणी गेलं का न्हाय बगायच्या आत पाठ फिरवायची. म्या तुमाला ती लई मोठ्या मनाची व्हती म्हणून सांगत न्हाय. ती कायीच न्हवती त्या दिसांत.

तेरहून सांगावा आला, पोरगी झाली. सव्वा महिना झाला की आणा. उत्तरेश्वर गाडी जुपून गेला. जाताना आईला म्हणला, "त्ये पाणी..." आन् दाराकडं वळला. धुरपदाबाई चुलीवर व्हती. "व्हय," म्हणली.

वैशाखाचा उनाळा. दुपार कलल्याली, आभाळ तांब्याच्या परातीवानी. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आन् थांबली. सत्यभामा उतरली न्हाय. लेकराला पदराखाली धरून तिनं गल्लीकडं बगितलं. काळं पाणी आपलं वळवळत खाली चाललंय, आडाशी डबकं, डबक्यावर माश्या.

बाया दारात आल्या. गजराबाई लगबगीनं भाकरतुकडा घिऊन आली. "आगं उतर की! लेकराची दिष्ट काढू दे. कुणावर गेलीय बगू? आगं माय, शारदीचंच नाक की गं..." आन् जीभ चावली.

सत्यभामा नवऱ्याला म्हणली, "गाडी फिरवा."

"आगं आसं काय करायलीस? लोकं बगायल्यात."

"फिरवा म्हणते ना."

धुरपदाबाई फुडं आली व्हती. चाकापाशी उभी व्हती. सत्यभामा तिला म्हणली, रागानं न्हाय, सादंच म्हणली, "आत्या, लोकांचं सोडा. आपल्या मोरीचं पाणी बी तिकडंच चाललंय की वो."

धुरपदाबाईनं खाली बगितलं. तिच्या पायाला पाणी लागलं व्हतं. सकाळी तिनंच भांडी घासल्याली, राख अजून तरंगत व्हती त्येच्यात. मंग तिनं गाडीत हात घातला. लेकराची दुपटी बांधल्यालं गठुडं व्हतं, वाटंत घाण झाल्याली. त्ये उचललं, घरात गेली. न्हाणीतनं धुण्याचा आवाज आला. पिळल्याचा आवाज आला. भाईर आली तवा हातात बादली, पिवळ्या पाण्यानं काठोकाठ.

ती चावडीमागं चालली तशी सगळी गल्ली मागनं. सरपंच पारावरनं उठून आला. "आवो धुरपदाबाई, काय करायलाव? साहेबानं नारळ फोडलाय त्येच्यावर!"

ती थांबली न्हाय. नालीच्या तोंडाला आली, चिखलाचा बांध पायानं मोडला. सुकून कडक झाला व्हता, दोनदा लाथ घालावी लागली.

गजराबाई आडवी झाली. हात पसरून खड्ड्यापुढं उभी. "आक्का, पाया पडते तुमच्या. नका वो. देवी कोपंल!"

"कोपली व्हती की गेल्या साली," धुरपदाबाई म्हणली. "तवा म्या काय वतलं व्हतं?"

गजराबाईचं हात खाली आलं.

कुणी तरी म्हणलं, "आगं, बसल्याला घट हाय त्यो!"

"बसू दे की. म्या कुटं उठवायलेय."

आन् तिनं बादली वतली. मडक्यावर, पानांवर, हळदीकुकवावर, गव्हावर. गव्हाची पाती चिखलात लोळली. मडक्यात गुडगुड झाली. पाणी वर आलं, जरा थांबलं, फेस झाला, आन् मंग खाली खाली गेलं. घटकंत मडकं रिकामं. गवतात नुसती घाण ऱ्हायली.

माणसं उभीच. कुणाला वाटलं भुई हादरंल, कुणाला वाटलं म्हातारी भोवळ यिऊन पडंल. कायी झालं न्हाय. एक कोंबडी आली आन् वल्या मातीतलं गहू टिपाया लागली.

सत्यभामा गाडीतनं उतरून आली व्हती. तिनं लेकरू सासूच्या हातात दिलं. धुरपदाबाईचं हात वलं व्हतं, तिनं लुगड्याला पुसलं आन् घेतलं. समद्या बाया तिच्या तोंडाकडं बगत व्हत्या, आता रडंल, आता रडंल. ती म्हणली, "जड हाय," आन् घराकडं चालली.

हितंच गोष्ट सरली आसती तर बरं झालं आसतं. पर दोन दिसांनी गजराबाईचा बिरू पडला. हगवण. वांती.

धुरपदाबाईच्या दारावरनं जाताना बाया तोंड फिरवून जायाच्या. गजराबाई आली ती केस मोकळं, आंगावर पदर न्हाय. दारात उभी ऱ्हाऊन वरडली, "तुमचं गेलं म्हणून माजं बी घेतलासा ना! आता झालं ना समाधान? माजं लेकरू गेलं तर काय करू म्या? सांगा ना, काय करू?"

उत्तरेश्वर मधी पडाय लागला. धुरपदाबाईनं त्येला हातानं बाजूला केलं.

"गेलं तर म्या हाय," ती म्हणली. "त्येच्यानंतर काय करायचं आसतंय त्ये मला ठाव हाय. सकाळी उठायचं. चूल पेटवायची. म्या तुला सांगत जाईन येक येक."

गजराबाई बगतच ऱ्हायली तिच्याकडं. शिव्या देती तर बरं, गळा धरती तर बरं. गजराबाई उंबऱ्यावरच बसली मट्कन आन् हमसून हमसून रडाया लागली. धुरपदाबाई तिच्याजवळ बसली. हात लावला न्हाय. मंग उठली, चुलीवर पाण्याचं भगुनं ठिवलं, उकळलं, मीठसाखर घातली आन् गजराबाईच्या घरात गेली. चमच्यानं पाजत बसली पोराला. त्येनं वकलं की पुना पाजायची. पुना वकलं की पुना.

दुसऱ्या दिवशी पोरगं उठून बसलं आन् आपल्या आपण कबूल झालं. आण्णासाहेबाच्या मळ्यातल्या कच्च्या कैऱ्या खाल्ल्या व्हत्या, टोपलंभर. मीठ लावून. गजराबाईनं त्येच्या पाठीत दोन धपाटं घातलं, कुशीत घेतलं, पुना घातलं.

आन् मंग फावडं घिऊन भाईर आली. कुणाकडं बगितलं न्हाय. आपल्या मोरीफुडचा बांध फोडला तिनं आन् न्हाणीतलं सगळं पाणी सोडून दिलं. नालीनं जाताना त्या पाण्याच्या बाजूबाजूनं चालत गेली पार मडक्यापतूर. जाताना पुटपुटत व्हती, देवीला का पाण्याला, कोण जाणं. तिच्यामागनं बाकीच्यांनी सोडलं. परत्येकीनं आसं सोडलं, जसं त्या कवापासनं सोडतच व्हत्या.

डबकं सुकलं. मोठं साहेब कायी आलं न्हायती. गोपाळकृष्ण आला, बगितलं, चपला घालूनच मडक्यातलं गवत बदललं आन् धुरपदाबाईला लांबनं हात जोडून गेला. सरपंचाचा फोटू चावडीत लागलाय, त्येच्यात गहू न्हाय, नुसता नारळ हाय.

त्या पावसाळ्यात बी पटकी आली म्हणा आसपास. बेंबळीकडं माणसं दगावली. उतारगल्लीत कुणी गेलं न्हाय. खड्ड्यानं म्हणावं, सुई टोचणारा आला व्हता त्येच्यानं म्हणावं, का नुसतंच न्हाय आली म्हणावं, म्या सांगू शकत न्हाय. गुरव म्हणतोय देवीनं गल्ली राखली. म्हणू दे.

धुरपदाबाई तशीच हाय. बदलली म्हणून सांगितलं तर गोष्ट गोड व्हईल, पर खोटी व्हईल. नातीला मांडीवर घिऊन न्हाऊ घालती. पोरगी वरडती, हसती, तोंडावर पाणी उडवती. म्हातारी हसत न्हाय. न्हाणं झालं की पोरगी सुनंकडं देती आन् दारात यिऊन उभी ऱ्हाती. पाणी नालीनं जाताना बगती. वळणापतूर दिसतंय, मंग दिसत न्हाय. तरी उभी ऱ्हाती.

बरं, ऊन कललं, उठा आता तुमी. तुमच्या गावात बी त्यो ब्लॉकचा माणूस फिरायलाय म्हणं, खड्डं खांदा म्हणून सांगत. खांदा की. साहेब बोलवा, नारळ फोडा, बायांना वटी भरू द्या. त्या भरणारच, तुमी नको म्हणलं तरी ऐकायच्या न्हाईत. पर येक इनंती हाय माजी. पैली बादली कुणी वतायची, म्हणून सगळी येकामेकाच्या तोंडाकडं बगाया लागतील ना, तवा कुणा पोळल्याल्या बाईची वाट बगू नका. तिच्याकडं घालवायला कायी ऱ्हायल्यालं नसतंय, तिनं वतलं त्येच्यात काय आलं? तुमच्या घरात लेकरंबाळं धडधाकट हायती, देवीनं राखल्यात. तुमाला भ्या वाटंल. म्हणून तुमीच वता. येवढं कराल का?